एटीव्हीचं सीझ झालेलं टू-स्ट्रोक इंजिन घरी बांधताना

एटीव्हीचं, म्हणजे खडबडीत वाटेवर पळणाऱ्या चारचाकी मोटरबाइकचं, टू-स्ट्रोक इंजिन बसतं (सीझ होतं) ते साधारण दोन तऱ्हांनी. एक तर भर वेगात मागची चाकं एकदम आवळली जातात, गाडी घसटत थांबते आणि किक जागची हलत नाही. नाहीतर आवाज बदलतो, ताकद उतरत जाते, इंजिन बंद पडतं आणि मग किक मारली तर ती पोकळ लागते. कॉम्प्रेशनचा पत्ताच नसतो. दोन्ही वेळा इंजिन परत उभं करता येतं, आणि बरंचसं काम घरी होण्यासारखं आहे. फोर-स्ट्रोकसारखे डोक्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. वरच्या भागात हलणाऱ्या वस्तू म्हणजे पिस्टन, रिंगा, पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन आणि त्या पिनेचं बेअरिंग. काही मॉडेलना एक्झॉस्टवर त्याचं तोंड कमी-जास्त करणारा पॉवर व्हॉल्व्ह असतो, तेवढाच काय तो अपवाद.

या सोपेपणामुळेच नवशिका फसतो. जुना पिस्टन काढला, नवा टाकला, गॅस्केट बदललं, गाडी सुरू झाली. चार दिवस झकास पळते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. पिस्टन बदलला, पण त्याला ज्याने जाळलं ते कारण आतच राहिलं. म्हणून पुढे सुटे भाग बसवण्याइतकीच जागा कारण शोधण्याला दिली आहे. घाई असेल तर बाकी काहीही गाळा, हवेच्या गळतीची चाचणी गाळू नका.

हाताशी काय हवं

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल. या लेखातले आकडे सर्वसाधारण आहेत. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका. यामाहा ब्लास्टर घ्या: एक सिलिंडर, हवेने थंड होणारं १९५ सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५७ मिमी. त्याच कंपनीची बॅन्शी घ्या: पाण्याने थंड होणारे दोन सिलिंडर, बोअर ६४, स्ट्रोक ५४, मिळून ३४७ सीसी. दोघींचं तत्त्व एकच, पण टॉर्कचे आकडे, क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट) आणि क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा खालचा डबा, उघडण्याची रीत निराळी. होंडाची टीआरएक्स २५०आर किंवा सुझुकीची एलटी५००आर असेल तर ती १९९० किंवा त्याआधीचीच असणार. इतक्या वर्षांत ती किती जणांनी खोलली आणि आत कोणता पिस्टन टाकला, ते वरून कळत नाही. अशा गाडीचा बोअर कंपनीच्या मापाचा असेल असं कधीच गृहीत धरू नका.

नेहमीचे पाने-सॉकेट तर लागतीलच. त्याखेरीज टॉर्क रेंच, फीलर गेज, सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी तारेची कडी) काढायची चिमटी, मऊ हातोडा आणि मॅग्नेटोचा, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाचा, पुलर हवा. पुलर त्या मॉडेलचाच घ्या. मॅग्नेटोच्या फ्लायव्हीलला स्क्रू-ड्रायव्हर लावून उपटायचा प्रयत्न केला तर फ्लायव्हील, स्टेटर आणि केस तिन्हींना इजा होते. जपानी इंजिनांच्या कव्हरवरचे फुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएस बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतलात तर निम्मी चिडचिड वाचेल.

मायक्रोमीटर आणि बोअर गेज घेणं परवडत नसेल तर ते माप लेथवाल्याकडून करून घ्या. व्हर्नियर कॅलिपरने बोअर मोजून पिस्टनचा निर्णय घेऊ नका; इथे प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा असतो.

खोलण्याआधी हवा भरून बघा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात, कारण इंजिन बसलं की हात आधी पान्याकडे जातो. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून (ट्रान्सफर पोर्ट) वर जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद असायलाच हवी. कुठे बारीक फट असेल तर तिथून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि बसतो. इंजिन खोललं की ही फट पुसली जाते. मग गळती बेस गॅस्केटमधून होती की सीलमधून, हे कधीच कळत नाही.

चाचणीचं सामान घरी जमवता येतं. एक्झॉस्टच्या तोंडाला रबरी बूच, कार्बोरेटर बसतो त्या रबरी बूटमध्ये दुसरं बूच, त्यातून एक नळी, नळीला हातपंप आणि ० ते १५ पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक) गेज. स्पार्क प्लग जागेवर ठेवा. ६ पीएसआयपर्यंत हवा भरा आणि थांबा. त्याहून फार वर जाऊ नका, सील जागेवरून उडेल. चांगलं इंजिन हा दाब सहा मिनिटं धरून ठेवतं. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर गळती आहे, आणि ती शोधायचीच.

साबणाचं पाणी ब्रशने लावत फिरा. आधी स्वतःच्या बुचांवर, कारण सुरुवातीला तीच गळतात. मग इनटेक बूट, रीड व्हॉल्व्हची (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्यांची) बैठक, बेस गॅस्केट, हेड आणि क्रँककेसच्या दोन अर्ध्यांचा सांधा. मॅग्नेटोचं कव्हर काढून फ्लायव्हीलच्या मागे क्रँकच्या सीलवरही पाणी सोडा. क्लचच्या बाजूचं सील दिसत नाही. त्यासाठी गिअरबॉक्समध्ये तेल भरायचं झाकण काढा आणि तिथे साबणाचा पापुद्रा धरा. तो फुगला तर ते सील गेलं. पाण्याच्या इंजिनात रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडचं गॅस्केट किंवा ओ-रिंग गेलेली असते. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही बाजू बंद करून चाचणी करायची.

पिस्टनला भोक पडलं असलं तरी ही चाचणी होते. हवा भोकातून वर गेली तरी वर हेड आणि प्लग बंदच आहेत. अडचण येते ती हेडच फुटलं असेल तर.

गाडी बसण्याआधी ती कशी वागत होती तेही आठवून बघा. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता वरच तरंगत होते का? बहुतेक वेळा ती हवेच्या गळतीची खूण असते. पांढरा धूर भरपूर आणि गिअरबॉक्सचं तेल कमी होत होतं का? मग क्लचच्या बाजूचं सील तपासा, इंजिन तिथून तेल ओढत असणार.

वरचा भाग खोलताना

गाडी आधी धुवा. मातीने भरलेलं इंजिन उघडलं की ती माती सरळ क्रँककेसमध्ये पडते. कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल स्वच्छ भांड्यात काढा आणि बघा: तेल दुधाळ झालं असेल तर पाणी आत येतंय, बहुधा वॉटर पंपाच्या सीलमधून. वायर, नळ्या आणि केबल कुठून कुठे जातात त्यांचे मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनांतून.

एक्झॉस्ट, कार्बोरेटर आणि रीड ब्लॉक काढा. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरा. टोक फुटलेलं असेल तर तो तुकडा इंजिनाने गिळलाय आणि तो कुठे आहे ते शोधावं लागेल. हेडचे नट एकदम न सोडता समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येक वेळी पाव-अर्धा आटा सोडत जा. सिलिंडर निघत नसेल तर मऊ हातोड्याने चारी बाजूंनी टकटक करा. फिन्सखाली (सिलिंडर थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांखाली) पहार घालायचा मोह होईल. फिन्स कडक आणि ठिसूळ असतात, कडकन मोडतात.

पिस्टन सिलिंडरमध्येच अडकला असेल तर वरून गंज सोडवणारं तेल भरा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. मग पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा गुळगुळीत ठोकळा ठेवून हळू ठोका. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकलात तर कनेक्टिंग रॉड वाकवून घ्याल.

सिलिंडर वर सरकताच रॉडभोवती स्वच्छ चिंधी घट्ट कोंबा, म्हणजे फुटलेली रिंग किंवा सर्क्लिप केसमध्ये पडणार नाही. पिस्टनची पिन हाताने निघत नसेल तर पिनचा पुलर वापरा, किंवा पिस्टन हीट गनने तापवा. ठोकून काढायची असेलच तर समोरून पिस्टनला भक्कम टेकू हवा, कारण तो धक्का शेवटी रॉडला आणि बिग एंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) बसतो.

पिस्टन वाचायला शिका

काढलेला पिस्टन पुसू नका. आधी उन्हात किंवा चांगल्या दिव्याखाली धरून नीट बघा.

एक्झॉस्टच्या बाजूलाच उभे, खरवडल्यासारखे चरे आणि अॅल्युमिनियम पसरलेलं असेल तर पिस्टन तापून बसलाय. पेट्रोल कमी पडलं, हवा गळत होती, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबला होता किंवा टाकीचा नळ पुरेसं सोडत नव्हता. एक्झॉस्टची बाजू सर्वांत गरम, म्हणून पहिला मार तिथेच बसतो. चरे चार जागी, पिनेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारख्या अंतरावर असतील, तर पिस्टन सिलिंडरपेक्षा आधी फुगला. थंड इंजिन सुरू करून लगेच पिळलं, किंवा क्लिअरन्स कमी ठेवून बोअर केलं होतं.

इनटेकच्या बाजूचा स्कर्ट (पिस्टनची खालची भिंत) करडा, मॅट आणि झिजून पातळ झालेला दिसला तर धूळ आत जात होती. एअर फिल्टर फाटलाय, कोरडा आहे किंवा कडेने नीट बसत नाही. फोमच्या फिल्टरला फिल्टरचं चिकट तेल लावावं लागतं. कोरड्या फोममधून बारीक धूळ आरपार जाते.

डोक्याच्या कडेवर वाळूचा फवारा मारल्यासारखे बारीक खड्डे आणि हेडच्या कडेवरही तसेच खड्डे, हे डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट. पेट्रोलचं ऑक्टेन कमी, कॉम्प्रेशन वाढवलेलं, इग्निशनचं टायमिंग जास्त पुढे किंवा मिश्रण पातळ. मधोमध वितळून भोक पडलं असेल तर त्याच रस्त्याने प्रकरण आणखी पुढे गेलंय. प्लगचा हीट रेंज (तो उष्णता किती लवकर बाहेर टाकतो) हाही तपासा. रिंगेच्या खाचेची कड तुटली असेल तर रिंग पोर्टमध्ये अडकली होती, किंवा खाचेतली बारीक पिन सैल झाली.

मग पिस्टन उलटा करा. डोक्याच्या खालच्या बाजूला, आतून, फिकट तपकिरी डाग असेल तर तापमान ठीक होतं. तिथे काळा, जळून घट्ट झालेला थर असेल तर पिस्टन बरेच दिवस गरम चालत होता; इंजिन बसलं त्या दिवशीच काहीतरी झालं, असं नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पेट्रोलमध्ये तेल जास्त घातलं की मिश्रण रिच होतं असं अनेक जण समजतात. रिच (पेट्रोल जास्त) आणि लीन (पेट्रोल कमी) हे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण आहे. तेल वाढवलं की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल थोडं कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट किंचित लीन होतं. त्यामुळे गरम चालणाऱ्या इंजिनात तेल ओतत राहणं हा इलाज नव्हे.

खालचा भाग खोलायचा की नाही

पिस्टनचा तुकडा गायब असेल, सर्क्लिप सापडत नसेल किंवा बेअरिंगची सुई निसटली असेल तर चर्चाच नको, केस उघडा. केसच्या तळाशी टॉर्च मारा. चमचमणारी अॅल्युमिनियमची कणी दिसली तरी उघडा. वरून पेट्रोल ओतून ती निघत नाही. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये अडकते आणि तिथेच पुढच्या सीझची तयारी करते.

तसं काही नसेल तर रॉड तपासा. क्रँक वरच्या टोकाला आणा, रॉड दोन बोटांत धरा आणि सरळ वर-खाली ओढून बघा. टकटक जाणवली तर बिग एंड गेलं. वर-खाली प्ले शून्य हवा. आडवी हालचाल मात्र थोडी असतेच. ती फीलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. नवशिके नेमकं इथे उलटं करतात, आडवी हालचाल बघून घाबरतात आणि उभी तपासतच नाहीत. शेवटी क्रँक हळूहळू फिरवा. कुठे खरखर लागली तर मेन बेअरिंग बदलायची.

सिलिंडर

सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चुंबक लावा. चिकटला तर लोखंडी लायनर आहे. ब्लास्टर, बॅन्शी आणि टीआरएक्स २५०आर या तिघींना मूळ लायनर लोखंडीच. चुंबक चिकटला नाही तर अॅल्युमिनियमवर निकसिलसारखा कडक मुलामा आहे. तो खरवडला गेला असेल तर सिलिंडर बोअर करता येत नाही. पुन्हा मुलामा चढवून घ्यावा लागतो किंवा लायनर घालावा लागतो.

भिंतीला चिकटलेलं अॅल्युमिनियम बऱ्याचदा नुसतं वरून लागलेलं असतं, खाली धातू शाबूत असतो. सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल कापसाच्या काडीने फक्त त्या डागावर लावा. अॅल्युमिनियम असेल तोवर फेस येतो, संपलं की थांबतो. आम्ल पोर्टच्या आत जाऊ देऊ नका, तिथलं उघडं अॅल्युमिनियमही ते खाऊन टाकेल. गॉगल आणि हातमोजे घाला, काम उघड्यावर करा आणि सौम्य करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, भरपूर पाणी मारा आणि लगेच तेल लावा. आम्लाची वाफ लागून शेजारची हत्यारंही गंजतात.

डाग गेला की नखाने तपासा. नख अडकेल असा चरा राहिला असेल तर बोअर करायचं. बोअर तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजा. पोर्टच्या कडेवर माप घेऊ नका. वरच्या-खालच्या मापात किंवा दोन दिशांत ०.०५ मिमीच्या आसपास फरक असेल तर तो बोअर संपला असं समजा. पिस्टनचं माप स्कर्टवर, पिनेच्या काटकोनात, मॅन्युअलने सांगितलेल्या उंचीवर घ्यायचं. पिस्टन वर निमुळता आणि किंचित लंबगोल असतो, त्यामुळे भलतीकडे मोजलं तर आकडा चुकतो.

ओव्हरसाइज पिस्टन बहुधा ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी अशा पायऱ्यांनी मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, तो हातात आल्यावरच सिलिंडर बोअरिंगला द्या, आणि पिस्टन सोबत द्या. लेथवाल्याने पेटीवरचा आकडा नाही, प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्यात क्लिअरन्स मिळवायचा असतो. फोर्ज्ड पिस्टन कास्टपेक्षा जास्त फुगतो, त्याला क्लिअरन्स जास्त लागतो. किती ते पिस्टनसोबतच्या कागदावर असतं. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही एकाच मापाला नेतात.

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा तीक्ष्ण राहतात. त्या बारीक मोडून घ्यायला सांगा, म्हणजे रिंग त्यात अडकणार नाही. होनिंगची (बोअरनंतर दगडाने घासून केलेली) जाळी तिरकी, एकमेकींना छेदणारी दिसायला हवी.

आता धुणं. बोअरिंगवरून आलेला सिलिंडर स्वच्छ दिसतो, पण होनिंगची पूड त्या जाळीत बसलेली असते. पेट्रोल किंवा रॉकेलने ती निघत नाही, फक्त पसरते. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन जोर लावून घासा. वाळवा, पांढऱ्या कापडाला तेल लावून आतून फिरवा. कापड करडं आलं तर पुन्हा साबण. पांढरं येईपर्यंत हेच. लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर लोखंडी लायनर बघता बघता तांबूस होतो.

रिंगेचं तोंड तपासायला राहिलं. रिंग सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि तोंडातली फट फीलरने मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या दर २५ मिमीला ०.१ मिमी, म्हणजे ६४-६६ मिमी बोअरला पाव मिलिमीटरच्या थोडं वर. फट कमी असेल तर रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात.

क्रँककेस उघडायची असेल तर

क्लच, प्रायमरी गिअर, मॅग्नेटो सगळं बाजूला करा. स्टेटरची प्लेट काढण्याआधी केसवर तिच्या जागेची खूण करा. टायमिंग तिच्यावर असतं. केसचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर केसचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी खुपसून ठेवा.

एक सिलिंडरच्या इंजिनांची केस बहुधा उभी दुभंगते, त्याला केसचा पुलर लागतो. बॅन्शीची आडवी उघडते. दोन्हींत एक नियम समान: सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर घालायचा नाही. तिथला एक ओरखडा म्हणजे हवेची नवी वाट.

क्रँकचा रॉड किंवा बिग एंड बदलणं घरचं काम नव्हे. तो प्रेसवर उघडतात आणि जोडल्यावर डायल गेज लावून सरळ करतात. रनआउट (फिरताना होणारी डगडग) साधारण ०.०५ मिमीच्या आत लागतो. नवा तयार क्रँक आणलात तरी बसवण्याआधी तो तपासून घ्या.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवा आणि केस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा, म्हणजे बेअरिंग जवळजवळ स्वतःच्या वजनाने बसतं. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी नको. आणि क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग कधीच तापवू नका, त्याची वाफ जिवावर बेतू शकते. क्रँक बेअरिंगमध्ये ओढून बसवायचा. त्याच्या टोकावर हातोडा मारला की क्रँकच्या दोन तबकड्या जवळ येतात आणि सरळ केलेला क्रँक पुन्हा वाकडा होतो. सील नवीच घ्या, ओठाला ग्रीस लावा, स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. सांध्याला न कडकणारा लिक्विड गॅस्केट पातळ लावा. केस आवळल्यावर क्रँक हाताने सहज फिरला पाहिजे, गिअर सगळे पडले पाहिजेत. जड वाटलं तर तिथेच थांबा.

जोडणी

पिनेच्या बेअरिंगला तेल द्या. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. उलटा बसला तर रिंगांची तोंडं पोर्टवर येतात. सर्क्लिप दर वेळी नवी, उघडं तोंड सरळ वर किंवा खाली. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या वर-खाली झटक्यांनी ती मिटून निसटू शकते. बसवल्यावर बोटाने ती खाचेत फिरते का बघा. सर्क्लिप बसवताना केसचं तोंड चिंधीने झाकलेलंच असू द्या.

रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनांवर आणा, बोटांनी दाबून धरा आणि सिलिंडर सरळ खाली सरकवा. अडला तर जोर नको, वर घ्या, रिंग बघा. सिलिंडर डावी-उजवीकडे पिळायचा नाही, रिंगेचं टोक पोर्टमध्ये जातं आणि मोडतं.

बोअर, गॅस्केट किंवा हेड यात काही बदललं असेल तर स्क्विश, म्हणजे वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यातली फट, मोजा. पिस्टनच्या डोक्यावर, पिनेच्या रेषेत दोन्ही टोकांना सोल्डरची तार ग्रीसने चिकटवा, हेड आवळा, इंजिन एकदा फिरवा आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजा. मिलिमीटरच्या खाली आली तर पुढे जाण्याआधी गॅस्केट आणि हेड यांचा हिशेब पुन्हा करा.

हेडची पातळी काचेवर तपासता येते. सपाट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हेड आठच्या आकड्यासारखं फिरवलं की उंच-सखल जागा चमकून दिसतात. नट दोन-तीन टप्प्यांत, फुलीच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच.

आता ती हवेची चाचणी पुन्हा. सगळं नवं असलं तरी करायचीच, कारण उलटं बसलेलं सील किंवा दुमडलेलं गॅस्केट याच वेळी पकडता येतं. ६ पीएसआय टिकलं की मग कार्बोरेटरकडे वळा. मेन जेट आणि पायलट जेट काढून उजेडात आरपार बघा. पायलटचं भोक इतकं बारीक असतं की वाळलेल्या पेट्रोलचा पातळ थरही त्याला पुरतो. तार घालू नका, क्लीनर आणि हवेने साफ करा. गिअरबॉक्समध्ये ओल्या क्लचला चालणारं तेल घाला. नव्या क्लच प्लेट आधी तेलात भिजवून बसवतात.

पहिली किक आणि रनिंग-इन

तेलाचं प्रमाण मॅन्युअलप्रमाणे. ३२:१ म्हणजे लिटरला सुमारे ३१ मिली, ४०:१ म्हणजे २५, ५०:१ म्हणजे २०. ब्लास्टरसारख्या गाडीत तेल पंपाने जातं. पंप ठेवला असेल तर त्याच्या नळीतली हवा काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. काहींचा पंप आधीच्या मालकाने काढून टाकलेला असतो. अशा गाडीत साधं पेट्रोल भरलं की संपलं.

सुरू झालं की जागेवर उभं ठेवून तासभर फुरफुरत बसू नका. सिलिंडर बाहेरून चांगला गरम लागेपर्यंत थ्रॉटल हलका वर-खाली करत चालवा, बंद करा, हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत सोडून द्या. असं दोन-तीनदा. थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्कला तपासा, कूलंटची पातळी बघा.

पहिल्या एक-दोन टाक्या अर्ध्या थ्रॉटलच्या आसपास, वेग सतत बदलत चालवा. लांब सरळ पट्ट्यावर थ्रॉटल एका जागी धरून ठेवायचा नाही, आणि चिखलात घोटायचंही नाही. मग एकदा पूर्ण थ्रॉटल देऊन, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग काढून बघा. पोर्सिलीन पांढरंफटक असेल तर जेट मोठा हवा. तोवर गाडी घरीच ठेवा. तपकिरी असेल तर बरोबर. काळं आणि ओलं असेल तर जेट मोठा आहे, पण इंजिनाला त्यात धोका नाही.

थंडी पडली की हवा घट्ट होते आणि तोच जेट लीन पडतो, उंचावर गेलं की नेमकं उलट. आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गिअरवर उतरू नका. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, आणि थ्रॉटल बंद असताना आरपीएम जास्त राहिले तर पिस्टन जवळजवळ कोरडा पळतो. मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटलचा छोटा झटका देत उतरा.